द्राक्षमळ्यातला वाडा: वाटण्या, वारस आणि पाहुणे

आजच्या भागाचं नाव वाचून काहींना वाटेल, कर्नलसाहेबांनी निवृत्तीनंतर ट्रॅव्हल एजन्सी काढली की काय. तसं नाही. विषय इतिहासाचाच आहे, फक्त सुरुवात एका भाड्याच्या घरापासून करायची आहे.

फ्रान्समध्ये द्राक्षमळ्याच्या मधोमध उभा असलेला दगडी 'शातो' आठवडाभर भाड्यानं मिळतो. आठ-दहा खोल्या, पोहण्याचा तलाव, तळघरात वाइनची पिंपं आणि खिडकी उघडली की क्षितिजापर्यंत वेलींच्या रांगा. पुण्या-मुंबईची, अगदी आमच्या नागपूर-रायपूरचीही मराठी कुटुंबं आता लग्नाच्या पंचविशीला अशी घरं घेतात. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टानं आम्हीही बोर्दो शहराच्या पूर्वेला, सेंत-एमिलियोंच्या भागात अशा एका घरात राहून आलो. शनिवारी दुपारी चारला चाव्या मिळणार, पुढच्या शनिवारी सकाळी दहाला परत द्यायच्या. मोडतोडीसाठी अनामत रक्कम वेगळी. शिस्त एवढी की मला आपल्या छावणीतल्या क्वार्टर मास्टरची आठवण झाली.

घर बघून सगळ्यांनी फोटो काढले. मी मात्र एका गोष्टीवर अडलो. मालकीणबाई त्या घरात राहत नव्हत्या. मागच्या बाजूला घोड्यांचा जुना तबेला होता, तो दुरुस्त करून त्या त्यात राहत होत्या. वाडा पाहुण्यांना आणि मालक तबेल्यात! एवढी जुनी शेती, एवढं मोठं घर, मग परक्या माणसाच्या हातात चाव्या देण्याची वेळ का आली? याचं उत्तर शोधताना मी फ्रान्समधून निघून महादजी शिंद्यांच्या छावणीत गेलो, तिथून नाशिकला आणि शेवटी आमच्या छत्तीसगढात येऊन पोचलो. तुम्हालाही त्याच रस्त्यानं नेतो.

आधी शब्द समजून घेऊ. शातो म्हणजे मूळचा किल्ला किंवा गढी. पण बोर्दोच्या बाटलीवर 'शातो अमुक' असं लिहिलेलं असतं तेव्हा तिथे बुरूज असेलच असं नाही. त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की ही द्राक्षं या मळ्यातली आणि ही वाइन याच मळ्यात केलेली. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या वाइनची किमतीप्रमाणे प्रतवारी लावली. पहिल्या वर्गात चारच नावं होती: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (आपल्या लातूरशी संबंध नाही, विचारू नका.) त्या यादीत शातो हे बिरूद फार थोड्यांनी लावलं होतं. नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत मात्र ज्याच्याकडे मळा आणि बरं दिसणारं घर, तो प्रत्येक जण शातोवाला झाला. म्हणजे घर आणि वाइन यांची जोडी आपण समजतो तेवढी पुरातन नाही. ती बाजारानं जुळवलेली आहे.

आता मूळ मुद्दा. १७८९ ची क्रांती झाली. चर्चच्या आणि पळून गेलेल्या सरदारांच्या जमिनी सरकारनं जप्त केल्या आणि लिलावात विकल्या. १८०४ साली नेपोलियनचा दिवाणी कायदा आला आणि त्यानं वारसाचा प्रश्न एका फटक्यात मिटवला, किंवा तुम्ही म्हणाल तर पेटवला. थोरल्याचा विशेष हक्क गेला. सगळ्या मुलांना सारखा वाटा, आणि मुलींनाही. बापाला मृत्युपत्र करून एकालाच सगळं देता येत नाही. आजही दोन मुलं असतील तर मालमत्तेचा दोन तृतीयांश भाग त्यांच्यासाठी राखीव असतो, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलासारखा हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडावं लागलं, हे लक्षात घ्या.

न्यायाच्या दृष्टीनं फ्रेंच कायदा उत्तमच. पण जमिनीचं काय होतं ते बर्गंडीत दिसतं. तिथे क्लो द वूजो नावाचा दगडी कुंपणातला मळा आहे, साधारण ५० हेक्टरचा. मूळचा सिस्टर्शियन साधूंचा. क्रांतीत तो मठाकडून गेला, तरी १८८९ पर्यंत अखंड राहिला. मग विक्री झाली, वाटण्या झाल्या, पुन्हा विक्री झाली. आज त्याच कुंपणात ८० च्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या रांगा. आपल्या सातबाऱ्यावर नावांची शेपूट लागते, अगदी तसंच.

बोर्दोवाल्यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी जमीन कंपनीच्या नावावर केली. मुलांना वाटून मिळतात ते कंपनीचे हिस्से, मळा अखंड राहतो. आमच्या मालकीणबाईंचं तेच होतं. तीन भावंडं, तिघांचे हिस्से सारखे. एक जण पॅरिसला, एक कॅनडात. वेली राखायच्या तर त्या दोघांना दरवर्षी काहीतरी द्यायला हवं, नाहीतर ते हिस्सा विकायला मोकळे. वाइनचं उत्पन्न एका वर्षी असतं, दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये बर्फ पडून कोंब जळतात. घराचं भाडं मात्र दरवर्षी येतं. म्हणून वाडा पाहुण्यांना. त्यांनी हे मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा ते सांगता सांगता सांगितलं.

ही पद्धतही फार जुनी नाही. १९३६ साली फ्रान्सच्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. रजा मिळाली, पण जाणार कुठे? आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी ओस पडू लागली, घरं कोसळू लागली. १९५१ साली आल्प्सच्या दक्षिणेकडच्या एका गरीब जिल्ह्यात एमिल ओबेर या सिनेटरांच्या पुढाकारानं शेतघर पाहुण्यांना भाड्यानं देण्याचा पहिला प्रयोग झाला. त्याला 'जीत' म्हणतात. १९५५ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली. सरकार म्हणालं, छप्पर दुरुस्त करायला आम्ही मदत देतो, बदल्यात काही वर्षं ते घर सुट्टीवाल्यांना भाड्यानं द्या. आजचा ऐषारामी शातो हा त्या साध्या शेतघराचा श्रीमंत चुलतभाऊ आहे. मूळ हेतू चैन हा नव्हता. शेतकऱ्यानं गाव सोडू नये, हा होता.

क्रांतीनंतर लिलावात निघालेली घरं आणि जमिनी कुणी घेतल्या? व्यापाऱ्यांनी, वकिलांनी, पुढे बँकवाल्यांनी. लाफित १८६८ मध्ये रॉथशिल्डांनी घेतलं. आणि काही घरं परदेशात पैसा मिळवून परतलेल्या सैनिकांनी घेतली. इथे आपला संबंध येतो, कारण त्यातला काही पैसा मराठ्यांच्या खजिन्यातला होता.

महादजींच्या कवायती कंपूचा सेनापती डी बॉयन हा शांबेरी गावचा, सव्हॉय प्रांतातला. जन्म १७५१. (सव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता. १७९२ ला फ्रान्सनं घेतला, १८१५ ला सुटला, १८६० ला कायमचा फ्रान्सचा झाला. आपल्याकडच्या सीमावादाला कंटाळलेल्यांनी तेवढंच समाधान मानावं.) पाटण आणि मेडता १७९० साली, लाखेरी १७९३ साली. या लढाया त्याच्या पलटणींनी जिंकल्या, त्या मी आधीच्या भागांत नकाशावर दाखवल्या आहेत. आज प्रश्न पगाराचा. कंपूचा खर्च चालावा म्हणून महादजींनी त्याला दुआबातला मुलूख जहागीर लावून दिला, ठाणं अलीगढला. महसूल तोच गोळा करी, पलटणींना तोच पगार देई. एक मानलं पाहिजे, त्याच्या पलटणींचा पगार सहसा थकत नसे. त्या काळात ही लढाई जिंकण्याइतकीच मोठी गोष्ट होती. १७९४ मध्ये महादजी वानवडीला वारले, १७९५ च्या अखेरीस डी बॉयननं नोकरी सोडली आणि प्रचंड संपत्ती घेऊन तो युरोपला गेला.

शांबेरीला त्यानं ब्युईसों-रों नावाची गढी आणि तिच्याभोवतीची जमीन घेतली आणि मरेपर्यंत, म्हणजे १८३० पर्यंत, तिथे राहिला. शांबेरीभोवतीचे डोंगरउतार द्राक्षांचेच आहेत. आप्रमों नावाची पांढरी वाइन तिथलीच. गावाला त्यानं खूप दानधर्म केला, म्हणून गावानं १८३८ मध्ये त्याचं स्मारक उभारलं: चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती आणि वर तो स्वतः. हत्तींचा फक्त पुढचा अर्धा भाग घडवला आहे, त्यावरून गावकरी त्याची आजही थट्टा करतात. हत्ती कुठले, ते कुणी सांगायला नको.

डी बॉयनबद्दल मला आदर आहे. त्याच्या जागी आलेल्या पेरॉनबद्दल नाही. हा खलाशी म्हणून आला आणि शिंद्यांचा सेनापती झाला. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध सुरू झालं. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला आणि त्याच आठवड्यात या गृहस्थांनी जनरल लेककडे सुरक्षित वाट मागितली. स्वतः सुटले, पैसाही सुटला. त्यांच्या मागे राहिलेल्या पलटणी ११ सप्टेंबरला दिल्लीसमोर लढल्या, २३ ला दुसऱ्या तुकड्या दक्षिणेत असईला लढल्या. १ नोव्हेंबरला लासवाडीला उरलेल्या पलटणी वरिष्ठ युरोपियन अधिकारी नसताना तोफांपाशी उभ्या राहून मेल्या. त्यांच्या लढण्याची तारीफ खुद्द लेकनं केली. पेरॉननं फ्रान्सला जाऊन वांदोमजवळ शातो द्यु फ्रेन ही मालमत्ता घेतली आणि १८३४ मध्ये तिथेच आरामात डोळे मिटले. मी पस्तीस वर्षं वर्दीत काढली आहेत. कमांडिंग ऑफिसर आधी निघून जातो आणि जवान मागे राहतो, या गोष्टीला माझ्या शब्दकोशात सभ्य शब्द नाही.

फ्रान्समधला प्रत्येक शातो लुटीवर उभा आहे, असं माझं म्हणणं नाही. ते खोटं होईल. पण जुन्या दगडी घराच्या ओसरीवर बसताना त्याचा पहिला हप्ता कुणी भरला हा प्रश्न मनात आला, तर तो दाबू नये.

फ्रेंच द्राक्षमळा आणि मराठी शेतकरी यांच्यात याहून चांगलं नातंही आहे, तेही सांगतो. नाशिक-सांगलीचा कुठलाही बागायतदार बोर्डो मिश्रण फवारतो. मोरचूद आणि चुना. ते नाव याच बोर्दोचं. मेदोक भागात रस्त्यालगतच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून निळसर लेप मारत असत. १८८० च्या दशकात मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की त्या वेलींना केवडा रोग होत नाही. चोरांसाठी केलेली युक्ती जगभरच्या शेतीला औषध म्हणून मिळाली. त्याआधी फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून उद्ध्वस्त केल्या होत्या, तेव्हा अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम करून त्या वाचल्या. आपल्याकडचा डॉगरिज खुंट टेक्सासचाच, फक्त आपण तो खारं पाणी आणि दुष्काळ यांसाठी वापरतो.

द्राक्षं दख्खनला नवी नाहीत. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं दौलताबादला वर्षातून दोनदा फळणारी द्राक्षं पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. आजही आपला शेतकरी वेल दोनदा छाटतो, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी. पण त्या द्राक्षांची फ्रेंच पद्धतीची वाइन मोठ्या प्रमाणावर करायचं धाडस १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी केलं. पाइपर-हाइडसीक या शॅम्पेन कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेतलं, फसफसणारी वाइन केली, ती 'ओमर खय्याम' नावानं युरोपात विकली. कंपनीच्या नावातही शातो होता. पुढे ती कर्जात बुडाली, पण वाट दाखवून गेली.

मग राजीव सामंत कॅलिफोर्नियाहून परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर वेली लावल्या. सुलाची पहिली वाइन २००० साली आली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले. वाइन चाखण्याची खोली, मग उपाहारगृह, मग राहायच्या खोल्या असा क्रम लागला. दिंडोरीत फ्रान्सची मोएत हेनेसी कंपनी शाँदों घेऊन आली. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं आता तीर्थासाठी त्र्यंबकेश्वरला जातात आणि येताना गंगापूरला मुक्काम करतात. यात मला विसंगती दिसत नाही. आपल्याकडे देव आणि खाणं-पिणं पूर्वीपासून एकाच रस्त्यावर आहेत.

पण नाशिकचा मळा आणि बोर्दोचा मळा यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो कायद्यातून आला आहे. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी कायदा, १९४८ चा कूळकायदा, १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही आणि शेतकऱ्याला ठरावीक मर्यादेपलीकडे ठेवता येत नाही. हे कायदे योग्य कारणासाठी झाले. सावकार आणि जमीनदार यांच्या तावडीतून जमीन सोडवायची होती. परिणाम असा, की नाशिकच्या मोठ्या वायनरीकडे स्वतःची जमीन थोडी आणि द्राक्षं बरीचशी आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून कराराची. भाव आधी ठरतो, घडातली साखर ब्रिक्समध्ये मोजून माल उचलला जातो. खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात व्यापारी पळून जाण्याचा जो धोका असतो, तो इथे कमी.

फ्रान्समध्ये द्राक्षं पिकवणारा आणि खोली भाड्यानं देणारा एकच असतो. वेलीचं वाईट वर्ष खोलीचं भाडं भरून काढतं. नाशिकला पिकवणारा निफाडच्या शेतात आणि पाहुणा गंगापूरच्या खोलीत. गारपीट झाली तर खोलीचं भाडं त्या शेतकऱ्याच्या मदतीला येत नाही. हॉटेल म्हणून ते उत्तमच आहे, नाशिकला रोजगारही मिळाला आहे. पण फ्रेंच मळ्याची नक्कल करताना आपण घर उचललं, तलाव उचलला, त्यामागचा हिशेब तसाच राहिला. २०२० मध्ये राज्यानं कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवता येतात. मला विचाराल तर त्या साध्या योजनेतच फ्रान्सच्या १९५१ च्या प्रयोगाचं खरं बीज आहे. तिची जाहिरात मात्र द्राक्षमहोत्सवांइतकी होत नाही.

आता घराकडे येतो. मी हे नवा रायपुरातून बोलतोय. इथे सगळं आखीव, रस्ते रुंद, इमारत पन्नास वर्षांची शोधून सापडणार नाही. पण इथून कुठल्याही दिशेला तास-दोन तास गाडी चालवा, जुन्या मालगुजारांचे वाडे लागतात. इकडे बाडा म्हणतात. भोसल्यांच्या काळात, बिंबाजी रतनपूरला होते तेव्हापासून मराठी माणसं इकडे येत राहिली. १८५४ ला इंग्रजांनी नागपूर खालसा केलं, मग जमाबंदी करून मालगुजारांना गावाची मालकी दिली. त्यांत मराठी घराणीही होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. तेही योग्यच झालं, गावच्या गाव एका घराच्या मुठीत असणं बरं नव्हतं. सीर आणि खुदकाश्त जमीन उरली, ती वाटण्यांत गेली. वाडा मात्र वाटता येत नाही. तो फक्त पडतो.

संस्थानिकांनी मार्ग काढले. कवर्ध्याच्या राजवाड्यात, कांकेरच्या राजवाड्यात पाहुणे राहतात. मालगुजाराच्या वाड्याला ना राजाचं नाव, ना मागे द्राक्षमळा. मागे धानाची शेती असते. पण सप्टेंबरात धानाचं शेत सज्जातून बघितलंत, तर सेंत-एमिलियोंच्या वेलींसमोर ते कमी पडत नाही, हे मी दोन्ही पाहून सांगतोय.

आमच्या आजोळचा असाच एक वाडा आहे. वारस अकरा. दोघं पुण्यात, एक मेलबर्नला, बाकीचे नागपूर, बिलासपूर, रायपूर असे विखुरलेले. काहींना विकायचा आहे. मी बोर्दोच्या त्या बाईंकडून एकच गोष्ट शिकून आलो: वाटा घराचा करू नका, घराच्या मालकीचा करा. म्हणजे एक लहान कंपनी, अकरा हिस्से, ज्याला पैसे हवेत त्यानं हिस्सा आधी घरच्यांना विकायचा. आणि दुसरी अट मी माझी घातली. शेत कसणारं जे कुटुंब दोन पिढ्या तिथे आहे, त्याला बारावा हिस्सा. पाहुणे आले तर भाड्यात त्याचाही वाटा असावा. या बारावीवरच सगळं अडलं आहे. मेलबर्नवाल्याला ती मान्य आहे, पुण्यातल्या दोघांना नाही. एकानं फोनवर विचारलं, "मामा, त्यांना पगार देतोच ना आपण?" मी म्हटलं, पेरॉनही पगार देतच होता.

तो दोन दिवस बोलला नाही. मग त्यानं दुरुस्तीचा अंदाज मागवला. सागाच्या तुळया शाबूत आहेत, मागची भिंत वाळवीनं गेली आहे, आणि पावसाच्या आधी छपरावरचे कवेलू फेरायचे तर जुने निम्मे तरी बदलावे लागतील. तेवढं काम करायला अकराही जणांनी होकार दिला आहे. बारावीची चर्चा दिवाळीला, वाड्यातच बसून करायची आहे.